मोठ्या बाईंचा शनिवार

नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शाळेच्या जिन्यात बसल्या होत्या. मुख्याध्यापकांची खोली वर, खुर्ची वर, संस्थेची माणसं वर चहा पीत वाट बघतायत आणि या पायरीवर बसून मांडीवरचं पुस्तक वाचतायत. मला वाटलं, कुणाची तरी आजी नातवाला न्यायला आलेली दिसते. मी विचारलं, "मावशी, ऑफिस कुठं आहे?" त्यांनी मान वर न करता बोटानं जिना दाखवला आणि म्हणाल्या, "वर. पण बस जरा. थोडीच पानं राहिल्यात."

मी बसले. का बसले ते आजही सांगता येणार नाही. त्या आवाजात 'बस' म्हटलं की माणूस बसतो, एवढंच. पुस्तकाच्या कव्हरवर सायकल हातात धरून उभी असलेली एक मुलगी होती. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली कादंबरी. शेवटचं पान झालं तशा बाईंनी पदरानं डोळे पुसले, नाकही पुसलं, त्यात काही लपवण्यासारखं आहे असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गणिताची न्हवं तू? पोरांचं पुस्तक शेवटचं कवा वाचलंस?"

मी लहानपणी वाचलेल्या एका पुस्तकाचं नाव सांगितलं. ते नाव ऐकून कुठल्याही मराठी माणसाचा चेहरा मऊ होतो. बाईंचा झाला नाही. "ते जुनं. यंदाचं सांग." यंदाचं मला काहीच सांगता येईना. "म्हणजे वाचलं न्हाय. बरं. गणित येतंय न्हवं? वाचायला आमी शिकवू." वर गेल्यावर संस्थेच्या लोकांनी मला काय काय विचारलं, पण ते नुसतं उपचाराचं होतं. नोकरी जिन्यातच मिळाली होती.

बाई मूळच्या कोडोलीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. अंगानं थोराड, चालताना पुढं झुकणाऱ्या, आणि बोलणं सगळं गावचं. आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी आलो' म्हणतात, तसं त्या शिक्षणखात्याच्या साहेबासमोरही म्हणायच्या. भूगोल शिकवायच्या. पालक त्यांना टरकून असत, आणि संस्थेचे लोक पालकांपेक्षा जास्त. ही बाई घरी, शाळेत, बसमध्ये, दंतवैद्याकडे, जिथं जाईल तिथं फक्त मुलांच्या आणि कुमारवयीन पोरांच्या कादंबऱ्या वाचायची. मोठ्यांचं पुस्तक हातात धरलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यातही जुनी नाहीत, गेल्या दोन-चार वर्षांत निघालेलीच. मी एकदा हटकलं, की चांगलं पुस्तक काय जुनं होतं होय? त्यावर म्हणाल्या, "जुन्या पुस्तकातली पोरं आता माझ्याएवढी झाली असतील. त्यांचं मला ठाऊक हाय. आताच्या पोरांचं काय चाललंय ते कोण सांगणार?"

मराठी तर वाचायच्याच, पण मराठीत अशी नवी पुस्तकं निघून निघून किती निघणार? मग इंग्रजी. इंग्रजी त्यांचं यथातथाच. शब्दकोश जवळ असायचा, पण आताची पोरं जे बोलतात ते शब्दकोशात कुठलं सापडायला? मग मधल्या सुट्टीत त्या पुस्तक घेऊन नववीच्या वर्गात जायच्या आणि पोरांना विचारायच्या, की ही पोरगी मैत्रिणीला 'घोस्ट' केलं म्हणते, म्हणजे काय केलं? पोरं आधी लाजायची, मग एकमेकांना ढकलत समजावून सांगायची, की काही न सांगता बोलणंच तोडून टाकलं. बाई गंभीरपणे ऐकून पुस्तकाच्या कडेला पेन्सिलनं लिहायच्या. सगळ्या शाळेची पाचावर धारण बसवणाऱ्या बाईला शिकवायला मिळतंय म्हटल्यावर पोरांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुस्तकं वापरण्याची त्यांची रीत बघून ग्रंथपालाला घेरी आली असती. भडंग खात वाचायच्या, तेलाची बोटं पानांना लागायची. कव्हरवर कुठं 'संस्कार' हा शब्द दिसला की पुस्तक दुकानातच खाली ठेवायच्या. आणि गोष्टीतला एखादा आजोबा किंवा शिक्षक पोराला जवळ घेऊन चांगल्या चार गोष्टी सांगायला लागला, की "आलं म्हातारं बोलायला" म्हणून पुस्तक पालथं टाकायच्या, पाणी पिऊन यायच्या आणि तो परिच्छेद ओलांडून पुढं वाचायच्या.

आता मुख्य गोष्टीकडे येते, ती म्हणजे शनिवार. आमची शनिवारची शाळा सकाळची. शेवटच्या तासाला सातवी-आठवीची पोरं हॉलमध्ये सतरंजीवर बसायची आणि समोर बाकावर एक शिक्षक. महिन्याला एक नवी कादंबरी ठरायची. सगळ्या शिक्षकांनी ती वाचायची, पोरांनीही वाचायची, आणि मग पोरांनी शिक्षकाची तोंडी परीक्षा घ्यायची. बाकावर कोण बसणार ते आधी कळायचं नाही. पास-नापास पोरं ठरवणार. इतक्या शाळा पाहिल्या, पण हा उलटा कारभार मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. मी तर पहिल्यांदा बाकावर बसले तेव्हा पुस्तकाचं नावच विसरले. पोरं फार सभ्यपणे विचारतात, पण सोडत नाहीत.

आमच्या पीटीच्या सरांनी एकदा शहाणपणा केला. महिन्याची कादंबरी एका मुलाची आणि त्याच्या कुत्र्याची होती. सरांनी पहिलं प्रकरण वाचलं, शेवटचं वाचलं. पहिल्यात मुलगा आणि कुत्रं, शेवटी मुलगा आणि कुत्रं, मध्ये काय वेगळं असणार? शनिवारी नेमके तेच बाकावर. पोरांनी विचारलं, की शेवटी तो कुत्र्याला घेऊन नदीवर जातो तेव्हा त्याला काय वाटत असेल? सर म्हणाले, आनंद वाटत असेल, लहानपणापासूनचा सोबती आहे. मग पुढं बसलेली एक पोरगी, सरांना वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "सर, ते कुत्रं मेलं की मधीच. हे दुसरं हाय." पोरं हसली नाहीत. हसली असती तर सरांना बरं वाटलं असतं. पुढच्या शनिवारी सर पूर्ण पुस्तक वाचून आले आणि कुत्रं मरतं तिथलं सांगताना त्यांचा आवाज इतका बसला, की पोरांनी पुढचे प्रश्न न विचारताच त्यांना पास करून टाकलं.

बाईंना या पुस्तकांचा नाद का, यावर शिक्षकखोलीत बरीच मतं होती. कुणी म्हणे, त्यांचं मूल लहानपणी गेलं. ते खोटं होतं, त्यांचे दोन्ही मुलगे धडधाकट असून एक कोडोलीत दुधाचा धंदा बघतो. कुणी म्हणे, त्यांना लहानपणी पुस्तकं मिळाली नाहीत, त्याची ही भरपाई. शेवटी मी त्यांनाच विचारलं. त्या डबा खात होत्या. म्हणाल्या, "तू मटण का खातीस? लहानपणी मिळालं न्हाय म्हणून? आवडतं म्हणून खातीस न्हवं? मग." आणि माझ्या डब्यातली चटणी न विचारता घेतली. मला तो विषय तिथंच संपल्यासारखा वाटला होता. पण अर्धंच उत्तर मिळालं होतं, हे मला पुढं कळलं.

परीक्षा चालू असताना बाई हॉलच्या मागं खिडकीपाशी बसायच्या. पुढ्यात सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा, आणि त्या शेंगा फोडायच्या. मला वाटायचं, शिक्षकावर पाळत ठेवायला बसल्यात. पण त्या बाकाकडे बघायच्याच नाहीत. जे पोर प्रश्न विचारायला उभं राहील त्याच्याकडे बघायच्या.

त्या महिन्याची कादंबरी दोन भावांची होती. थोरला घर सोडून निघून गेलाय, मोबाइल घरीच टाकून. घरात आजी आणि धाकटा. धाकटा त्या मोबाइलवरून थोरल्याच्या नावानं आजीच्या फोनवर रोज मेसेज पाठवतो, 'मी बरा आहे, काळजी करू नको,' आणि कुणालाही काही बोलत नाही. बाकावर मी होते. आठवीतली अनुजा उठली. एरवी मागच्या रांगेत डुलक्या घेणारी, हुशार पण गृहपाठ कधी पुरा नाही. तिनं विचारलं, त्यानं कुणालाच का सांगितलं नाही? मी तयारीचं उत्तर दिलं, की त्याला भीती वाटत होती.

"भीती न्हवं, मॅडम," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर मोठ्या माणसांनी लगेच कायतरी केलं असतं."

मागं शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला.

सोमवारी मधली सुट्टी झाली तशी बाई माझ्या वर्गाच्या दारात आल्या. काखेत ते पुस्तक. "चल," म्हणाल्या. अनुजा शाळेच्या फाटकातून बाहेर पळत चालली होती. आम्ही तिच्या मागं. दोन गल्ल्या सोडून एका घरासमोर ती थांबली. दाराला बाहेरून कडी होती. तिनं कडी काढली आणि आत म्हातारा माणूस खुर्चीत बसलेला दिसला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, गळ्यात माप घ्यायची टेप. हे तिचे आजोबा, तात्या. शिंपीकाम करायचे, दुकान बंद होऊन काही वर्षं झाली होती, आणि ते रोज सकाळी दुकानाला निघत होते. अनुजाचे आईवडील ती लहान असतानाच गेले होते. घरात हे दोघंच. तात्या विसरायला लागले तसं या पोरीनं स्वयंपाक, औषधं, गॅसचं बटण, सगळं एकटीनं धरून ठेवलं होतं. कागलला चुलते होते. ते पूर्वीच बोलून बसले होते, की तात्यांचं काही कमीजास्त झालं तर पोरीला घेऊन जाईन आणि तात्यांची कुठंतरी सोय बघीन. म्हणून तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी ती दारात वळली, आम्हाला पाहिलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. मी पुढं होऊन काहीतरी विचारणार होते. बाईंनी माझा दंड असा दाबला की वळ उठला. त्या अनुजाला म्हणाल्या, "तुझ्या आजोबांस्नी ही गोष्ट वाचून दाखवावी म्हणतो. चालंल का, इचार त्यांना." तात्यांनी आतूनच सांगितलं, बसा की. आणि बाई बसल्या, पुस्तक उघडलं, पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. पोरगी बराच वेळ दाराला धरून उभी होती. मग ती खाली बसली आणि डबा खाल्ला.

परत येताना बाई मला म्हणाल्या, "शनिवारी काय म्हणाली ऐकलंस न्हवं? पोरं सोताचं कधी सांगत न्हाईत. पुस्तकातल्या पोराचं सांगत्यात. आता आपण लगेच काय करायचं न्हाय." म्हणजे या बाईसाठी तो शनिवार आमच्या परीक्षेचा नव्हताच कधी. इतकी वर्षं ती शेंगा फोडत एकेक घर ऐकत होती. मला रस्त्यातच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या.

त्यांनी तात्यांना ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं, ते एक. दुसरं म्हणजे मला वेळापत्रक करायला बसवलं. ज्या शिक्षकाचा तास मोकळा, त्यानं तात्यांकडे जायचं आणि महिन्याची कादंबरी मोठ्यानं वाचायची. शनिवारच्या परीक्षेची तयारी, असं त्याचं नाव. दाराची कडी निघाली. पीटीचे सर म्हणाले, की शाळेच्या वेळात बाहेर जाणं नियमात बसत नाही. बाई म्हणाल्या, "नियमाचं माझं मी बघतो. तुमी कुठल्या प्रकरणापर्यंत आलाय ते सांगा." संस्थेनं विचारलं असतं तर बाईंच्या नोकरीची अखेरची वर्षं घोळात गेली असती, हे आम्हाला ठाऊक होतं, त्यांनाही होतं.

तात्यांना काल कोण आलं होतं ते आज आठवायचं नाही. प्रत्येकाला ते नव्यानं नाव-गाव विचारून बसवून घ्यायचे आणि प्रत्येकाला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागायची. त्यामुळे सगळ्या शिक्षकखोलीची पहिली दोन प्रकरणं तोंडपाठ आणि पुढचं ज्याचं त्यानं घरी वाचायचं. पण एक दिवस मी जाऊन बसले, अजून पुस्तक पिशवीतच होतं, आणि तात्यांनी मला विचारलं, "त्या धाकट्यानं सांगितलं का कुणाला?" मला ते ओळखत नव्हते. कसली पिशवी, कसलं पुस्तक, काही ठाऊक नव्हतं. त्या पोराची काळजी तेवढी मनात राहिली होती. मी शाळेत येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

अनुजा वर्गात जागी राहायला लागली. आणि मग व्हायचं ते झालं. कुणाकडून तरी चुलत्याच्या कानावर गेलं. ते शिरोलीला फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून थेट घरात आले. त्या वेळी बाई वाचत होत्या आणि पुढची पाळी माझी म्हणून मीही येऊन बसले होते. ते दारातूनच बोलायला लागले, की बापाची ही दशा आणि मला कुणी कळवत नाही, परकी माणसं घरात येऊन बसतात, हे काय चाललंय. पोरीला आत्ता घेऊन जातो, कपडे भर म्हणाले. अनुजा तात्यांच्या खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी खुर्ची धरलेली.

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. शांतपणे, अगदी आदबीनं म्हणाले, "पावणं, बसा की. मधी बोलू नका. त्या धाकट्याचं काय हुतंय ऐका."

चुलते उभ्याचे खाली बसले. बाईंनी वाचणं थांबवलं नाही. प्रकरण संपेपर्यंत त्या वाचत राहिल्या, आणि तो फौंड्रीतला रांगडा माणूस बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. पुस्तक मिटल्यावर बाई त्यांना बाहेर कट्ट्यावर घेऊन गेल्या. मी दारात होते.

"मला वळखलं न्हाय त्यांनी," चुलते म्हणाले.

"मलाबी वळखत न्हाईत. रोज नवी म्हणून बसवून घेत्यात. ह्या पोरीला तेवढं वळखत्यात. नाव घेऊन हाक मारत्यात. तेवढी एकच वळख राहिलीया त्यांच्यापाशी. ती घेऊन जाणार काय तुमी?"

चुलत्यांनी विचारलं, मग मी काय करू? बाई म्हणाल्या, वाचता येतंय न्हवं? शाळा सुटल्यापासून काही वाचलं नाही, असं ते म्हणाले. त्यावर बाईंनी मला हाक मारली आणि वेळापत्रकात त्यांचं नाव घालायला सांगितलं.

ते यायला लागले. सुट्टीच्या दिवशी, आणि फौंड्रीत पहिली पाळी असली की कामावरून सुटून. पुढं अनुजा दहावी होण्याआधीच त्यांची बायकोही इकडे येऊन राहायला लागली, पण ते नंतर. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. ते येऊन बसायचे आणि म्हणायचे, तात्या, मी तुमचा मुलगा, बघा तरी. तात्या त्यांच्या तोंडावर काहीतरी शोधत राहायचे, सापडलं नाही की कासावीस व्हायचे, हात जोडायचे, माफ करा म्हणायचे. मग दिवसभर त्यांना बरं वाटायचं नाही. हे बाईंच्या कानावर गेलं. त्या स्वतः जाऊन चुलत्यांना भेटल्या. मला वाटलं, समजूत घालतील. पण त्यांना गोड बोलणं येतच नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "तुमाला बाप भेटाय पायजे का बापाला सुख लागाय पायजे, ते आधी ठरवा."

त्यानंतर एका संध्याकाळी वाचायची पाळी बदलून घ्यायची होती म्हणून मी त्या घरी गेले. दार उघडंच होतं. अनुजा आतल्या खोलीत भिंतीला टेकून गणितं सोडवत होती. चुलते नुकतेच आले होते, हाताला अजून काजळी होती, आणि तात्या त्यांना बसायला खुर्ची पुढं करत होते.

"पावणं कुठलं म्हणायचं?" तात्यांनी विचारलं.

"कागलचा," चुलते म्हणाले.

"लांबनं आलासा. पोरंबाळं बरी हाईत न्हवं? वडील हाईत?"

"हाईत की," चुलते म्हणाले, "बरं हाय त्यांचं," आणि हात पँटला पुसून पुस्तक पहिल्या पानावर उघडलं.